पायथॉनने फोल्डर लावताना: आधी यादी, मग हलवाहलव

एका फोल्डरमध्ये साचलेल्या शेकडो फाइली वर्षा-महिन्यानुसार वेगळ्या करायला पायथॉनच्या दहा-बारा ओळी पुरतात, आणि घात नेमका तिथेच होतो. असा प्रोग्रॅम चुकला तर बहुतेक वेळा एरर दाखवून थांबत नाही. तो फाइलींवर फाइली चढवत जातो आणि सगळे सुरळीत झाल्याच्या थाटात संपतो. चुकीचे मूळ सहसा एकच असते. ज्या लूपमध्ये (एकेक फाइल घेऊन तेच काम पुन्हा करणाऱ्या ओळींमध्ये) कोणती फाइल कुठे जाणार हे ठरते, त्याच लूपमध्ये ती हलवलीही जाते, त्यामुळे निर्णय तपासायला मध्ये जागाच उरत नाही. पुढचे टप्पे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यासाठी आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नये.

सगळे काम पायथॉनसोबतच मिळणाऱ्या पाथलिब, शटिल, ओएस, फाइलसीएमपी, सीएसव्ही, युनिकोडडेटा आणि हॅशलिब या मॉड्यूलांनी होते. वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. फंक्शनांची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत लिहायची असतात. ‘पाथ’ हा क्लास, ट्रू, फॉल्स आणि एररची नावे मात्र मोठ्या अक्षराने सुरू होतात.

## टप्पा १: तयारी

पायथॉनची आवृत्ती निदान ३.८ असावी. फोल्डर एखाद्या क्लाउड सेवेशी सिंक होत असेल तर काम संपेपर्यंत सिंक थांबवून ठेवावे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इथे पुसलेली फाइल काही सेकंदांत तिथेही पुसली जाते.

त्यानंतर सरावासाठी फोल्डरची एक पूर्ण प्रत करावी आणि सगळे टप्पे आधी त्या प्रतीवर चालवून पाहावेत. ही प्रत शटिलच्या ‘कॉपीट्री’ने करावी. तारखेनुसार वर्गवारी करायची असेल तर प्रत कशी केली याला फार महत्त्व येते. ‘कॉपीट्री’ आतून ‘कॉपी२’ वापरते, त्यामुळे फाइल शेवटची बदलल्याची वेळ जशीच्या तशी राहते. याउलट झिप करून ती पायथॉनच्याच झिपफाइल मॉड्यूलने उघडली, तर प्रत्येक फाइलला उघडल्या क्षणाची वेळ चिकटते, आणि मग दहा वर्षांच्या फाइली चालू महिन्याच्या एकाच फोल्डरमध्ये जाऊन बसतात. वर्गवारीचा प्रोग्रॅम चुकला असे वाटून लोक त्यातच तासन्‌तास शोधत राहतात, पण दोष प्रतीचा असतो.

सावधान: प्रत मूळ फोल्डरच्या आत कधीही करू नये, शेजारी किंवा दुसऱ्या डिस्कवर करावी.

तपासणी: शटिलच्या ‘डिस्क_यूसेज’ने मोकळी जागा पाहावी. सरावाची प्रत आणि लावलेली प्रत अशा दोन्ही मावतील एवढी जागा हवी.

## टप्पा २: पाथ नक्की करणे

‘माझ्याकडे चालतो, तिच्याकडे चालत नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा या टप्प्यात सापडते. नुसते ‘स्कॅन’ असे फोल्डरचे नाव दिले, तर पायथॉन ते प्रोग्रॅमच्या शेजारी शोधत नाही. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू केला तिथे शोधतो. एडिटरचे बटण दाबले, टर्मिनलमधून चालवला किंवा ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामात टाकला, तर ही जागा तिन्ही वेळा वेगळी असू शकते. म्हणून पाथ, म्हणजे फाइल किंवा फोल्डरचा पत्ता, पूर्ण द्यावा, किंवा प्रोग्रॅमच्या फाइलच्या पाथवर ‘रिझॉल्व्ह’ चालवून तिच्या ‘पेरेंट’पासून तो बांधावा.

आणखी चार खड्डे ठाऊक असावेत.

पहिला विंडोजचा. कोटांत लिहिलेल्या पाथमधली उलटी तिरकी रेघ पायथॉनला खास खूण वाटते. तिच्यापुढे छोटा ‘एन’ आला की नवी ओळ होते आणि छोटा ‘टी’ आला की टॅब होतो. ‘यूझर्स’ फोल्डरच्या आधी ती आली तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. कोटाच्या आधी ‘आर’ हे अक्षर लिहावे किंवा सरळ पुढे झुकलेली तिरकी रेघ वापरावी. विंडोजवर पायथॉनला तीही चालते.

दुसरा टिल्डचा. होम फोल्डरसाठी लिहिलेले टिल्ड चिन्ह (~) शेलला, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, कळते, पायथॉनला आपोआप कळत नाही. त्यासाठी ‘एक्स्पँडयूझर’ चालवावे लागते. ते विसरले आणि पुढे फोल्डर तयार करण्याची ओळ असली, तर खरोखरच टिल्ड नावाचा फोल्डर तयार होतो. तो नंतर शेलमधून पुसायला जाणे हा जिवावरचा खेळ आहे, कारण शेल त्याच चिन्हाचा अर्थ होम फोल्डर असा घेतो.

तिसरा जोडणीचा. पाथलिबमध्ये दोन पाथ तिरक्या रेघेने जोडता येतात, पण दुसरा भाग स्वतःच तिरक्या रेघेने सुरू होत असेल तर पहिला भाग निमूटपणे टाकून दिला जातो. ‘नवे’ला ‘/२०२३’ जोडल्यावर ‘नवे/२०२३’ होत नाही. डिस्कच्या मुळाशी असलेला ‘/२०२३’ एवढाच पाथ उरतो.

चौथा रिकाम्या मजकुराचा, आणि माझ्या मते सर्वांत घातक. ‘पाथ’ला रिकामा मजकूर दिला तर एरर येत नाही, त्याचा अर्थ चालू फोल्डर असा होतो. वापरकर्त्याने काही न लिहिता एंटर दाबले किंवा सेटिंगमधले मूल्य आलेच नाही, तर पुढचे सगळे काम भलत्याच ठिकाणी सुरू होते.

तपासणी: पाथ ‘रिझॉल्व्ह’ करून स्क्रीनवर छापावा, ‘इज_डिर’ ट्रू येते का पाहावे आणि आतल्या फाइलींची संख्या छापावी. या तीन ओळी डोळ्यांनी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा ३: यादी घेणे

एकाच पातळीवरच्या फाइली हव्या असतील तर ‘इटरडिर’ पुरते. आतल्या फोल्डरांसह सगळे हवे असेल तर ‘आरग्लॉब’ला तारांकन द्यावे. दोन्हींमध्ये फोल्डरही येतात, म्हणून प्रत्येक नोंद ‘इज_फाइल’ने गाळावी.

दोन्हींकडून मिळणारा क्रम कोणताही असू शकतो, आणि नोंदी एकेक करत, मागू तशा मिळतात. त्यामुळे लूप चालू असतानाच त्याच फोल्डरमध्ये फाइली हलवल्या, तर नुकतीच हलवलेली फाइल नव्या जागी पुन्हा सापडू शकते, आणि काही वेळा एखादी सुटूनही जाते. त्यावर उपाय एका शब्दाचा आहे: सगळ्या नोंदी ‘सॉर्टेड’मध्ये गुंडाळाव्यात. मग यादी आधी पूर्ण होते, क्रम ठरावीक राहतो आणि दोन वेळा चालवलेल्या प्रोग्रॅमचे निकाल ताडून पाहता येतात.

एक्स्टेंशनवरून गाळताना ‘ग्लॉब’च्या नमुन्यावर विसंबू नये. लिनक्सवर छोट्या अक्षरांतला ‘जेपीजी’ आणि कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत लिहिलेला ‘जेपीजी’ ही दोन वेगळी एक्स्टेंशने ठरतात, त्यामुळे अर्धे फोटो यादीत येतच नाहीत. ‘सफिक्स’ने एक्स्टेंशन मिळवून त्यावर ‘लोअर’ चालवावे आणि मग तुलना करावी. मॅकची ‘डीएस_स्टोअर’ आणि विंडोजची ‘थंब्स’ किंवा ‘डेस्कटॉप’ या नावांच्या लपलेल्या फाइली याच वेळी बाजूला काढाव्यात, पण पुसू नयेत.

## टप्पा ४: योजना, म्हणजे जुन्या-नव्या पाथच्या जोड्या

इथे वेळ द्यावा. या टप्प्यात डिस्कवर काहीही बदलत नाही. प्रत्येक फाइलसाठी जुना पाथ आणि नवा पाथ अशी एक जोडी तयार होऊन यादीत जाते, एवढेच.

नाव तोडताना ‘स्टेम’ (एक्स्टेंशनआधीचा भाग) आणि ‘सफिक्स’ शेवटच्या टिंबापाशी तोडतात हे लक्षात असावे. ‘डेटा.टार.जीझेड’चे सफिक्स फक्त ‘.जीझेड’ असते. एक्स्टेंशन नसलेल्या ‘अहवाल १.२’ या फाइलला ‘विथ_सफिक्स’ने पीडीएफचे एक्स्टेंशन लावले, तर टिंबापुढचा २ जातो आणि ‘अहवाल १.पीडीएफ’ उरते, ‘अहवाल १.३’चेही तेच होते आणि दोन फाइलींना एकच नाव मिळते. अशा वेळी ‘विथ_नेम’ने पूर्ण नाव स्वतः बांधावे.

तारखेसाठी ‘स्टॅट’मधील ‘एसटी_एमटाइम’ घ्यावा. ‘एसटी_सीटाइम’ हा तयार झाल्याचा वेळ आहे असे समजून अनेक जण तो घेतात, पण लिनक्स आणि मॅकवर तो परवानगी किंवा नाव यांसारखी नोंद बदलल्याचा वेळ असतो. नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी आणि एक अंकी आकड्याआधी शून्य ठेवावे, नाहीतर यादी लावताना १० हा २च्या आधी येतो. वेळ लिहायची झाली तर मध्ये विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे वापरू नयेत. विंडोजवर ती नावात चालत नाहीत. प्रश्नचिन्ह, तारांकन, उभी रेघ, दुहेरी अवतरण आणि कोनी कंसही तिथे चालत नाहीत, आणि नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा ठेवल्यानेही अडचण येते.

देवनागरी नावांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते आणि काना, वेलांटी, हलंत यांची मोजणी वेगळी होते, म्हणून प्रत्यक्षात ८५ खुणांवर नाव संपते. विषयाची पूर्ण ओळ फाइलचे नाव म्हणून देणाऱ्यांना ही मर्यादा अचानक आडवी येते.

दुसरी गोष्ट ‘पायऱ्या’ या शब्दात दिसते. त्यातला ‘ऱ’ कीबोर्डनुसार एकाच खुणेने लिहिलेला असतो किंवा ‘र’ अधिक नुक्ता असा दोन खुणांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथॉनच्या तुलनेत ती दोन वेगळी नावे असतात. युनिकोडडेटा मॉड्यूलच्या ‘नॉर्मलाइझ’ला ‘एनएफसी’ हा प्रकार दिला की हा फरक मिटतो. मात्र जुन्या पद्धतीने ‘र’, हलंत आणि न दिसणारा जोडक असे लिहिलेले ‘ऱ्या’ त्यानेही बदलत नाही. ते स्वतः शोधून बदलावे लागते. नावांची तुलना करण्याआधी दोन्ही बाजू अशा एकसारख्या करून घ्याव्यात, नाहीतर ‘अशी फाइल नाही’ हा एरर समोर फाइल दिसत असताना येत राहतो.

जोड्या तयार झाल्या की टकरी शोधाव्यात. दोन जुन्या फाइलींना एकच नवे नाव मिळाले आहे का, आणि नव्या जागी त्या नावाची फाइल आधीपासून आहे का, हे दोन्ही तपासावे लागते. पहिल्या प्रश्नासाठी नव्या पाथवर ‘केसफोल्ड’ चालवून मग मोजावे, कारण विंडोजवर आणि मॅकच्या नेहमीच्या मांडणीत फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेली दोन नावे एकच धरली जातात. टक्कर सापडली तर नावाच्या शेवटी क्रमांक जोडावा आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी, कारण जोडलेल्या क्रमांकानेही नवी टक्कर होऊ शकते.

सावधान: एकाच फोल्डरमध्ये क्रमांक एकाने सरकवायचे असतील, म्हणजे १चा २ आणि २चा ३ करायचा असेल, तर शेवटच्या फाइलपासून मागे यावे. पुढून सुरुवात केली तर पहिलीच फाइल दुसरीवर चढते.

## टप्पा ५: कोरडी फेरी

कोरडी फेरी म्हणजे काहीही न हलवता योजना फक्त लिहून पाहणे. सर्व जोड्या सीएसव्ही फाइलमध्ये लिहाव्यात. फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामा मजकूर द्यावा, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ असे स्पष्ट लिहावे. एन्कोडिंग न सांगता विंडोजवर देवनागरी लिहायला गेले तर बऱ्याच संगणकांवर ‘युनिकोडएन्कोडएरर’ येतो. आणि शेवटचा ‘सिग’ वगळला तर फाइल नीट लिहिली जाते, पण स्प्रेडशीटमध्ये अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसू शकतात.

ही यादी खरोखर वाचावी. सगळी नाही तरी पहिल्या वीस ओळी, शेवटच्या वीस ओळी, सर्वांत लांब नावे आणि सर्वांत जुनी तारीख पाहावी. १९७० सालचा फोल्डर दिसला तर समजावे, की त्या फाइलींची वेळ कुठेतरी शून्यावर गेली आहे.

## टप्पा ६: फोल्डर तयार करणे

एकदा मी शटिलच्या ‘मूव्ह’ने दोनशेहून अधिक स्कॅन ‘जुने’ या फोल्डरमध्ये हलवले. प्रोग्रॅम एकही एरर न देता संपला. पाहतो तर ‘जुने’ नावाचा फोल्डर नव्हताच. त्या नावाची, एक्स्टेंशन नसलेली एकच फाइल होती आणि ती उघडल्यावर फक्त शेवटचा स्कॅन दिसला. फोल्डर बनवायची ओळ मी लिहिलीच नव्हती. दिलेल्या नावाचा फोल्डर नसेल तर ‘मूव्ह’ त्याला फाइलचे नवे नाव समजते. पहिला स्कॅन ‘जुने’ झाला, दुसरा त्याच्यावर चढला आणि तसेच शेवटपर्यंत चालले. शटिलचे ‘कॉपी’ही हेच करते, फक्त तिथे मूळ फाइली शाबूत राहतात.

म्हणून दोन नियम पाळावेत. सर्व फोल्डर फाइली हलवण्याआधी ‘एमकेडिर’ने तयार करावेत आणि त्याला ‘पेरेंट्स’ व ‘एक्झिस्ट_ओके’ हे दोन्ही पर्याय ट्रू द्यावेत. शिवाय गंतव्य म्हणून कधीही नुसते फोल्डर देऊ नये, फाइलच्या नावासह पूर्ण पाथ द्यावा. मग फोल्डर राहिला असेल तर ‘फाइलनॉटफाउंडएरर’ येतो आणि काम तिथेच थांबते. गप्प बसून चुकणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा आरडाओरडा करून थांबणारा केव्हाही बरा.

तपासणी: ‘एक्झिस्ट_ओके’ दिले असूनही ‘फाइलएक्झिस्ट्सएरर’ आला, तर त्या नावाची फाइल तिथे आधीच आहे. ती पुसण्याआधी उघडून पाहावी.

## टप्पा ७: नक्कल

या टप्प्यात ‘मूव्ह’ वापरू नये. आधी नक्कल करावी, ती तपासावी आणि मूळ शेवटी काढावे. ‘कॉपीफाइल’ फक्त मजकूर नेते. ‘कॉपी’ मजकूर आणि परवानग्या नेते. ‘कॉपी२’ त्यांच्यासोबत वेळाही नेते. आपल्याला तिसरे हवे आहे. तिन्ही फंक्शने गंतव्याची फाइल असेल तर न विचारता तिच्यावर लिहितात, म्हणून प्रत्येक नकलेआधी ‘एक्झिस्ट्स’ पाहावे आणि फाइल सापडली तर थांबावे.

पाथलिबच्या ‘रीनेम’ने वेळ वाचतो हे खरे आहे, पण त्याचे वागणे यंत्रानुसार बदलते. नव्या नावाची फाइल असेल तर विंडोजवर एरर येतो, तर लिनक्स आणि मॅकवर ती गुपचूप बदलली जाते. शिवाय एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर ‘रीनेम’ होतच नाही. लिनक्सवर तेव्हा १८ क्रमांकाचा एरर दिसतो.

एरर पकडताना ‘ओएसएरर’ पकडावा, तो कोणत्या जोडीला आला हे लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहावे आणि पुढच्या जोडीकडे जावे. काहीही आले तरी ‘पास’ असे लिहिणे म्हणजे पुढच्या टप्प्यातल्या तपासणीचे डोळे बांधणे. विंडोजवर ३२ क्रमांकाचा एरर आला तर ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, किंवा बरेचदा आपल्याच प्रोग्रॅममध्ये आधीच्या ओळीत, उघडी राहिलेली असते. ‘ओपन’ नेहमी ‘विथ’सोबत लिहिले की हा दुसरा प्रकार होत नाही.

## टप्पा ८: पडताळणी

आधी संख्या जुळवावी: योजनेतल्या जोड्या म्हणजे झालेल्या नकला अधिक लॉगमधले एरर. मग प्रत्येक जोडीचा आकार आणि शेवटी मजकूर ताडावा.

मजकुरासाठी फाइलसीएमपीचे ‘सीएमपी’ सोयीचे आहे, पण त्यात एक सापळा आहे. ‘शॅलो’ हा पर्याय मुळात ट्रू असतो, आणि तेव्हा दोन फाइलींचा प्रकार, आकार व वेळ सारखी असेल तर मजकूर न वाचताच त्या सारख्या ठरतात. ‘कॉपी२’ने वेळ जपलेलीच असते, त्यामुळे अशी तपासणी फाइल आतून बिघडलेली असली तरी सहसा उत्तीर्ण करते. ‘शॅलो’ला फॉल्स द्यावे. नक्कल दुसऱ्या संगणकावर असेल तर दोन्हीकडे हॅशलिबने एसएचए-२५६ (मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा) काढून जुळवावा, ३.११पासून त्यासाठी ‘फाइल_डायजेस्ट’ हे तयार फंक्शन आहे.

## टप्पा ९: मूळ फाइली काढणे

हा भाग वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, वेगळ्या दिवशी चालवावा. त्याने फोल्डरची नव्याने यादी घेऊ नये. टप्पा ५मधली सीएसव्ही वाचावी आणि जी जोडी पडताळणीत उत्तीर्ण झाली तेवढीच जुनी फाइल ‘अनलिंक’ने काढावी. मधल्या काळात कोणी त्या फोल्डरमध्ये नवी फाइल टाकली असेल, तर ती अशाने वाचते.

सावधान: ‘अनलिंक’ आणि ‘आरएमट्री’ रीसायकल बिनमध्ये काही टाकत नाहीत. गेलेली फाइल गेलीच.

विंडोजवर फक्त-वाचनीय फाइल काढताना ‘परमिशनएरर’ येतो. अशा फाइलची ती खूण ‘सीएचमॉड’ने काढून मग पुन्हा प्रयत्न करावा.

उरलेल्या फोल्डरांसाठी ‘आरएमट्री’चा मोह टाळावा आणि ‘आरएमडिर’ वापरावे, कारण ते फक्त रिकामा फोल्डर काढते. फोल्डरांची यादी उलट्या क्रमाने लावली की आतले आधी येतात आणि बाहेरचे नंतर. जो फोल्डर निघायला नकार देतो, त्यात टप्पा ३मध्ये बाजूला ठेवलेली लपलेली फाइल, लॉगमध्ये नोंदलेला एरर किंवा नंतर आलेले काहीतरी असते. तेवढे फोल्डर हाताने उघडून पाहावेत.